खबर एकटीनं घ्यायची नाही

आमची कंपनी लखनौहून वर निघाली त्या सकाळी मी आमच्या ह्यांच्याशी गॅसच्या सिलिंडरवरून भांडत होते. नवरा सीमेवर निघालाय आणि बायको सिलिंडरचं पुस्तक कुठं ठेवलंय म्हणून त्याचं डोकं खातेय, असलं चित्र कुणी रंगवत नाही. पण झालं तसंच. छावणीत ट्रक लागले होते, पंडितजींनी नारळ फोडला, बँडवाल्यांनी धून धरली, पोरं पाठीवर सामान घेऊन चढत होती, आणि हे माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "ट्रंकेत असेल, बघ." आमच्याकडं चार ट्रंका. ट्रक हलला तेव्हा मी मागं धावत ओरडले, "काळ्या का हिरव्या?" त्यांनी हात हलवला आणि ट्रक वळला. पुस्तक पुढं महिनाभर सापडलं नाही.

कंपनीतल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. ज्या गावी परतलात त्यांच्यासाठी आणि ज्या नवऱ्याच्या पुढच्या पोस्टिंगबरोबर कुठल्या कुठं गेलात त्यांच्यासाठीही. ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, की रेश्मा परत लखनौला गेली म्हणे, मग सुरेखावहिनींकडं, म्हणजे माझ्याकडं, का राहत नाही, भांडण झालं का? गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये याचं उत्तर लिहिता येत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. राग आला तर माझ्यावर काढा, रेश्माला फोन करू नका.

आपली पलटण मराठी पोरांची. तेव्हा ती लखनौच्या छावणीत होती, म्हणजे शांततेच्या ठिकाणी, जिथं बायकामुलांना बरोबर ठेवता येतं. मी खटाव तालुक्यातल्या आमच्या गावातून निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "फौजीचा संसार ट्रंकेत मावला पायजे बाई. मावला न्हाई तर त्यो पसारा." मी तिचं ऐकलं नाही, म्हणून त्या चार ट्रंका. इथं जरा कुठं बस्तान बसलं, आमच्या पोराला, ओमला, शाळेत घातलं, कढीपत्ता कुठं मिळतो ते कळलं, तोवर कंपनीला सीमेवर जायचा हुकूम आला. तिथं बायकांना जागा नसते. अशा वेळी फौज सांगते, गावी जा, नाहीतर इथंच एस. एफ. क्वार्टरमध्ये राहा. नवरा वर आणि कुटुंब खाली, अशांसाठी ठेवलेल्या त्या इमारती. बऱ्याचजणी गावी गेल्या. आपण अकराजणी राहिलो. कुणाचं मूल शाळेत होतं, कुणाला सासू नको होती. माझ्या बाबतीत दोन्ही.

रेश्मा माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये. जत तालुक्यातली, आपल्यात सगळ्यांत लहान. तिचा नवरा दत्ता, लान्स नाईक, आमच्या ह्यांच्याच सेक्शनमध्ये, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीत. ह्यांनी नुसतं बघायचं आणि दत्तानं धावायचं, असं त्यांचं जमायचं. त्यांची पोर सई तेव्हा नुकतीच उष्टावली होती. रेश्मानं लखनौत येऊन बी. ए.ला नाव घातलं होतं, घरी अभ्यास करून परीक्षा देतात तसं. तिला मास्तरीण व्हायचं होतं. हिंदी अशी फर्डी बोलायची की भाजीवाला भैया तिला इथलीच समजून धनिया फुकट द्यायचा, आणि मला मात्र "मराठन भाभी" म्हणून कालची भेंडी गळ्यात मारायचा. ती मला वहिनी म्हणायची. दुपारी पुस्तक घेऊन माझ्याच स्वयंपाकघरात बसायची, कारण माझ्याकडं पंखा बरा होता.

वरचं आयुष्य आपल्याला तुकड्यातुकड्यानं कळायचं. बर्फ वितळवून पाणी करायचं, त्याला रॉकेलचा वास, म्हणून चहालाही रॉकेलचा वास. खेचरं आणतील तेवढाच शिधा, आणि वाट बंद झाली की तोही खांद्यावरून. एकाच्या पायाची बोटं काळी पडली. त्यानं ती कित्येक दिवस कुणाला दाखवली नाहीत, कारण दाखवली असती तर त्याला खाली धाडलं असतं आणि त्याची गस्त दुसऱ्याच्या डोक्यावर बसली असती. लोक याला शौर्य म्हणतात. असेलही. मला ते ऐकून पहिल्यांदा संताप आला होता, की अरे बाबा, दाखव की बोटं! आता ती बोटं नाहीत, आणि तो कुठल्याशा कारखान्याच्या गेटवर उभा असतो.

फोन करायला त्यांना पोस्टवरून खाली उतरावं लागायचं, तेही पाळीपाळीनं. आणि एक गोष्ट आपल्याला सगळ्यांना ठाऊक होती. वर काही बरंवाईट झालं की कंपनीतल्या सगळ्यांचेच फोन बंद. ज्याच्या घरी खबर द्यायची त्याच्या घरी रीतसर माणूस पोचेपर्यंत कुणालाच बोलू देत नसत. नियम शहाणपणाचाच, नाहीतर बातमी कुणाकडून कशी पोचेल याचा नेम नाही. पण त्यापायी एका घरावर पडायचा घाव आधी सगळ्या घरांवर टांगून राहायचा.

तेव्हा काकींनी रीत घालून दिली. काकी म्हणजे सुभेदारसाहेबांच्या मिसेस, कऱ्हाडकडच्या, आपल्यात थोरल्या. फोन एकदम बंद झाले की पोराबाळांसकट त्यांच्या क्वार्टरमध्ये जमायचं. "खबर एकटीनं घ्यायची न्हाई," त्या म्हणायच्या. "गाडी यील तवा आपुन सगळ्या एका जागी पायजे." त्यांनी तरुणपणी दुसऱ्या एका छावणीत एका बाईला एकटीला खबर मिळालेली पाहिली होती. ती बाई कणीक मळत होती, आणि साहेब निघून गेल्यावरही मळतच राहिली, शेजारणीला संध्याकाळी कळलं. तेव्हापासून काकींनी ठरवलं होतं, की आपल्या बायकांवर ही पाळी येऊ द्यायची नाही.

आणि रीत चांगली होती, हे मी आजही म्हणते. कितीतरी वेळा बसलो आपण तसं. कुणी स्वेटर विणतंय, कुणी तांदूळ निवडतंय, पोरं पलंगावरून उड्या मारतायत. बसायचं, उगाच भांडायचं, चहा करायचा. मग कुणाचा तरी फोन वाजायचा, खबर दुसऱ्याच कंपनीची निघायची किंवा नुसतीच यंत्रणा बिघडलेली असायची, आणि आपण हसत घरी जायचो. तेव्हा एकदाही मनात आलं नाही, की "दुसऱ्या कंपनीची" म्हणताना आपण किती खुशीत म्हणतो.

ज्या खेपेचं सांगायचंय, तेव्हा आंब्याचे दिवस होते. सुट्टीवर आलेला एक जवान परत वर निघायचा होता. वर जाणाऱ्याच्या हाती सगळ्या कंपनीसाठी काहीतरी द्यायचं, ही आपली दुसरी रीत. म्हणून मी, रेश्मा आणि काकी मलिहाबादला जाऊन बागेतूनच दशहरी आंब्यांच्या पेट्या घेऊन आलो आणि काकींच्या पुढच्या खोलीत रचून ठेवल्या. रेश्मानं एका पेटीवर खडूनं "दत्ताला जास्त देऊ नका, पोट बिघडतं" असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन बंद झाले.

या खेपेला ते लवकर सुरू झाले नाहीत. तिसऱ्या दिवशी तर आंब्यांचा वास असा भरला होता की बसवत नव्हतं, आणि खिडकी उघडली तर लू, म्हणजे इथला तो भाजणारा वारा, आत यायची. आपण अकराही जणी तिथं होतो. रेश्मा खाली बसून सईला वरणभात भरवत होती. गाडी थांबल्याचा आवाज आला. छावणीतले एक साहेब, एका अधिकाऱ्याच्या मॅडम आणि सुभेदाराच्या हुद्द्याचा एक जेसीओ दारात आले. एवढ्या बायका एकदम बघून साहेब गडबडले असावेत. ते तरुण होते बिचारे, त्यांना वाटलं असेल एका घरी एक बाई भेटेल. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, "रेश्मा शिंदे जी कौन हैं?"

आणि खोलीत श्वास सुटला.

तुमच्यापैकी कुणी मला लिहिलंय, की तसं काही झालं नव्हतं. झालं होतं. दहाजणींनी तीन दिवस छातीत धरून ठेवलेला श्वास एकदम सोडला. कुणी हसलं नाही, कुणी देवाचं नाव घेतलं नाही. नुसता श्वास. तो काय आपल्या हातात असतो? पण एवढ्याशा खोलीत तो ऐकू आला. रेश्मानं साहेबांकडं पाहिलंच नाही. तिनं घास तसाच धरून आपल्याकडं पाहिलं, एकेकीकडं. मग काकी तिच्याजवळ गेल्या आणि आपण सगळ्या रडायला लागलो. खरंच रडत होतो. पण त्याआधी जे झालं ते झालं होतं.

काय घडलं ते मला पुढं सुभेदारसाहेबांकडून कळलं. ह्यांची सेक्शन एका नाल्यातून दुसऱ्या पोस्टच्या मदतीला निघाली होती. समोरच्या कड्यावरून गोळीबार झाला. दोघे तिथंच पडले; त्यांच्या घरची माणसं गावी होती. दत्ता मशीनगन घेऊन दगडाआड ठाण मांडून बसला, म्हणून बाकीच्यांना जखमींना ओढून मागं आणता आलं. त्या ओढून आणलेल्यांत आमचे हे होते. त्यांचा डावा कान गेला. दत्ता परत आला नाही. ह्यांना मी कितीदा विचारलं, रागावून विचारलं, गोड बोलून विचारलं. आजवर त्यांनी एवढंच सांगितलंय, की पाणी संपलं होतं. पुढं काही नाही. मग ते उठून टीव्ही लावतात, आणि कानामुळं इतका मोठा लावतात की शेजारचे येऊन बेल वाजवतात.

दत्ता तिरंग्यात घरी गेला तेव्हा जतच्या रस्त्यावर दुतर्फा माणसं उभी होती, फुलं टाकत होती. त्या दिवशी कंपनी कुठं होती? त्याच पोस्टवर. रडायला खाली यायची कुणाला सोय नव्हती. गेलेल्या तिघांची गस्त उरलेल्यांनी वाटून घेतली आणि मुदत संपेपर्यंत तिथंच राहिले, तोच नाला रोज समोर बघत. याबद्दल कुणी भाषण करत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त चीड याचीच येते.

रेश्मा दत्ताबरोबर गावी गेली ती परत आलीच नाही. तिचं सामान मी आणि काकींनी ट्रंकेत भरून पाठवलं. बी. ए.ची पुस्तकं वर ठेवली होती, उघडल्या उघडल्या दिसावीत म्हणून. ते आंबे वर गेलेच नाहीत. कुणी खाल्लेही नाहीत, आणि टाकायला कुणाचा हात होईना.

पुढं कंपनी खाली आली, पलटण दुसऱ्या शहरात गेली, तुम्ही सगळ्या पांगलात. हे कानापायी लवकर निवृत्त झाले आणि लखनौच्याच अमौसी विमानतळावर एका खासगी कंपनीत सुरक्षा सुपरवायझर म्हणून लागले. गावी जाऊ म्हटलं तर म्हणाले, "गावात सगळे विचारत बसतील." आम्ही अलीगंजमध्ये घर घेतलं. जणू इथं कुणी विचारणारच नाही! दर पंधरा ऑगस्टला कॉलनीवाले ह्यांना स्टेजवर बसवतात, शाल घालतात आणि सामोसे खाता खाता कुणीतरी विचारतंच, "भाईसाहब, आपने कितने मारे?" हे चांगला कान त्या माणसाकडं करतात आणि म्हणतात, "सुनाई नहीं दिया." ओम मराठी सगळं समजतो पण उत्तर हिंदीत देतो. मी चिडले की म्हणतो, "मम्मी, जाने दो ना यार." कुणाकुणाला जाऊ देऊ?

दर रविवारी मी रेश्माला फोन करायचे. "बरी हाय, वहिनी." सई कशी आहे? "बरी हाय." परीक्षेचा फॉर्म भरलास का? "बघू." एवढंच. सासरे, त्यांना ती आबा म्हणते, माणूस सज्जन. सासरी कुणी तिला छळत नव्हतं, उलट डोक्यावर घेतलं होतं. म्हणूनच तर पंचाईत होती. शहिदाची बायको म्हणून शाळेच्या कार्यक्रमाला ती, रस्त्याच्या उद्घाटनाला ती. रंगीत साडी नेसली तर लोक बघतात, दुकानात कशाला हसली तर आबांच्या कानावर जातं. कॉलेजला जाते म्हणाली, तर आबा म्हणाले, "तुला काय कमी हाय बाळ? गाव हाय की तुझ्या पाठीशी." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाही असतो, मानाचा.

दोन-तीन वर्षांनी दत्ताच्या स्मरणदिनाला आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. वेशीत दत्ताच्या नावाची कमान उभी राहिली होती. स्टेजवर रेश्मा पांढऱ्या साडीत बसली होती. आणि सईला, केवढीशी ती पोर, फौजी वर्दी घातली होती. शिवून घेतलेली, टोपीसकट. एक पुढारी बोलायला उठला की खालून कुणीतरी ओरडायचं, "सई, सॅल्यूट!" आणि ती उठून सॅल्यूट करायची, आणि सगळे मोबाईल वर व्हायचे. प्रत्येक पाहुण्याला सॅल्यूट. तिला शी-शू लागली होती, ती आईकडं बघत होती, पण पुढचा पाहुणा आला होता. आमचे हे उठून मंडपाबाहेर गेले. मला वाटलं जाऊन माईक ओढावा. ओढला नाही. गावच्या कार्यक्रमात पाहुणीनं काय करायचं असतं? टाळ्या.

जेवणं झाल्यावर रेश्मा चुलीपाशी एकटी सापडली. मी म्हटलं, "बास झालं हे. माझ्याबरोबर लखनौला चल. आमच्याकडं राहा, बी. ए. पुरं कर, तिथं शाळा ढीगभर आहेत."

ती म्हणाली, "तुमच्याकडं?"

"मग कुणाकडं?"

तिनं हातातला तवा खाली ठेवला. "वहिनी, त्या दिशी साहेबांनी माझं नाव घेतलं, आन् तुम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. मला ऐकू आला. तुमचा तर लई जवळून."

नाही म्हणाले असते तर खोटं झालं असतं. मी म्हटलं, "हो. सोडला." मग मलाच राग आला आणि मी विचारलं, "आणि माझं नाव आलं असतं तर? तू नसता सोडलास?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला, उगाच उत्तर दिलं नाही. "सोडला असता," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्यासंगं ऱ्हायचं न्हाई मला. हितं निदान कुणाचा नवरा वाचलेला न्हाई."

परतीच्या गाडीत मी भुसावळपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही. जणू वाचले हा त्यांचाच अपराध. घरी आल्यावर काकींना फोन लावला आणि सरळ म्हटलं, "काकी, तुमची रीत चुकली." सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिनं एकटीनं घेतली असती खबर, तर बरं झालं असतं?"

"माहीत नाही."

"मलाबी न्हाई," काकी म्हणाल्या. "पर मला तेवढं एकच येत हुतं गं." त्या रडायला लागल्या आणि मीच त्यांची समजूत काढत बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कुणाला द्यायचा? आठवड्याचा फोन मी बंद केला नाही. ती "बरी हाय" म्हणायची, मी चरफडायचे, आणि पुढच्या रविवारी परत लावायचे. अशी वर्षं गेली.

आणि यंदा तिचा फोन आला. रविवार नव्हता. मला आधी वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. ती म्हणाली, "वहिनी, सईनं वर्दी घालायला न्हाई म्हटलं." स्मरणदिनाला नवी, मापाची वर्दी आली होती. सई आता चौथीत. तिनं ती घातली नाही, आणि आबा तिला समजावत म्हणाले, "बाप बघतोय वरनं." तर पोरगी म्हणाली, "मग त्यांना सांगा, मला गरम होतं." रेश्माला हसू आलं. सगळ्यांसमोर मोठ्यानं हसू आलं, आणि मंडपातल्या सगळ्या माना वळल्या. ते हसू मागं घेता येईना. त्या रात्री तिनं आबांना सांगितलं, की मी लखनौला जाते. बी. ए. तिनं इतक्या वर्षांत गुपचूप पुरं केलं होतं, मलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. अलीगंजमधल्या एका शाळेत छोट्या वर्गांसाठी जागा होती, तिथं फोनवर मुलाखतही देऊन झाली होती. आबा पंधरवडाभर बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "वरसातनं एकदा तरी पोरीला आणशील न्हवं?" मला ते ऐकून त्यांच्यावर रागावताही येईना.

"ये की," मी म्हटलं. "वरची खोली रिकामीच आहे."

"तुमच्याकडं न्हाई. येगळी खोली बघा. आन् मी कोण हाय ते कुणाला सांगायचं न्हाई."

बायांनो, तुम्ही कधी अलीगंजमध्ये एकट्या बाईसाठी खोली शोधली आहे का? माझ्या नाकी नऊ आले. "अकेली हैं? मियाँ कहाँ हैं? आना-जाना किसका रहेगा?" एकानं तर एकटी बाई म्हणताच चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, की फॅमिलीवालों को ही देते हैं. मी दमून एका ठिकाणी खरं सांगून टाकलं. लगेच घरमालक उभे राहिले, हात जोडले. किराया आधा कर देंगे, गेटवर त्यांच्या नावाचा बोर्ड लावू, सव्वीस जानेवारीला झेंडा त्यांच्याच हातून. मी उठून आले. एकटी बाई म्हटलं तर खोली नाही, आणि शहिदाची बायको म्हटलं तर खोलीबरोबर स्टेज! मधलं काही या देशात बांधलेलंच नाही का? घरी येऊन मी आमच्या ह्यांच्यावर इतकी ओरडले की दुसऱ्या कानानंही त्यांना कमी ऐकू यायला लागलं असेल.

शेवटी एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. वर एक खोली, छोटंसं रसोईघर, समोर गच्ची. त्यांनी एवढंच विचारलं, "पानी सुबह ही आता है. भर लेंगी?" मी म्हटलं, भर लेंगी. त्यांनी किल्ली दिली.

चारबाग स्टेशनात गाडी दुपारी आली. रेश्मा उतरली ती निळ्या साडीत. सई माझ्यापेक्षा बारीक आवाजात पण तिच्या आईसारखीच ठसक्यात बोलते. ओमला बघून तिनं विचारलं, "तुला मराठी येतं का?" तो म्हणाला, "समझ लेता हूँ." ती म्हणाली, "मग बोल की." तो तिला आमच्या घरी घेऊन गेला, आइस्क्रीमच्या आमिषानं, आणि मी रेश्माला खोलीवर नेलं.

मी सगळं लावून ठेवलं होतं. गॅस, पिठाचा डबा, मसाले, पडदे, अगदी देवही. आणि भिंतीवर दत्ताचा वर्दीतला फोटो मोठा करून लावला होता, हार घालून. रेश्मानं खोली पाहिली. स्टूल ओढलं, वर चढली, फोटो उतरवला, हार काढून माझ्या हातात दिला. फोटो तिनं कपाटात साड्यांवर ठेवला आणि कपाट लावलं.

"वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "आत हाय त्यो. मला पायजे तवा काढीन."

मला वाईट वाटलंच. मी काय परकी? इतक्या वर्षांचे रविवार, ही पायपीट, हे डबे. मी पिठाच्या डब्याचं झाकण उगाच उघडून लावलं. ती दाराशी जाऊन उभी राहिली. "वहिनी," ती म्हणाली, "आता तुम्ही जावा. सईला अंधार पडायच्या आत पाठवा."

चहासुद्धा विचारला नाही. मी हार हातात घेऊन बाहेर आले आणि माझ्यामागं कडी लागली. जिन्यात उतरताना मी मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. अर्ध्या जिन्यात होते, तेव्हा वरून आवाज आला. ती रडत होती. आपण तिला कधी रडताना ऐकलंय? काकींकडं ती रडली नाही, स्टेजवर फक्त पदर डोळ्यांना लावायची. आता ती गावातल्या बाया रडतात तशी गळा काढून रडत होती, दत्ताचं नाव घेऊन, त्याला शिव्या घालून, असा कसा गेलास मेल्या म्हणून. माझा पाय परत वर वळला होता. काकींची रीत माझ्या अंगात इतकी मुरलीय. कठडा धरून उभी राहिले आणि वर गेले नाही.

घरमालकीण बाई खालच्या दारात आल्या होत्या, घाबरलेल्या. "क्या हुआ? किसी ने कुछ कहा क्या? ऊपर जाऊँ मैं?"

"नहीं, माताजी," मी म्हटलं. "रहने दीजिए. बहुत दिन बाद अपने घर आई है."